पूर ओसरल्यावर

बसस्थानकाच्या बाकाखाली पडलेला माणूस १०८ च्या गाडीतून रुग्णालयात येतो, तेव्हा जे घडायचे ते घडून गेलेले असते. सबंध शरीर ताठ करणारी आणि मग हातपाय झटकायला लावणारी फीट बहुधा एक-दोन, फार तर तीन मिनिटांत आपोआप थांबते. गाडी यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. डॉक्टरांपुढे येतो तो मागे उरलेला माणूस. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. नाव विचारले तर नुसता हुंकार. हात सलाइनची नळी उपटायला धावतो आहे, पॅन्ट ओली झाली आहे, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ गालावर सुकली आहे आणि तिच्यात रक्ताची तांबूस रेघ आहे. सोबत नात्याचे कुणी नाही. आणून सोडणारे सांगतात, ‘पडलेला दिसला, एवढंच.’ तासा-दोन तासांनी हाच माणूस भानावर येतो आणि म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, मला घरी जाऊ द्या.’ जी घटना कुणी पाहिली नाही आणि जिच्यातून गेलेला माणूसच जी नाकारतो, ती घडली असे म्हणण्याचा अधिकार तिसऱ्या माणसाला कुठून मिळतो?

प्रश्न वैद्यकाचा दिसत असला तरी मुळात तो ज्ञानाचा आहे, आणि आपल्याकडे त्यावर शतकानुशतके कसून वाद झालेला आहे. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक कार्यावरून कारणाकडे जाणारा. वात्स्यायनांनी त्या सूत्रांवरच्या भाष्यात त्याचे उदाहरण नदीचे दिले आहे. नदी दुथडी भरून वाहताना दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असे आपण म्हणतो, आणि तो पाऊस आपण पाहिलेला नसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तर अनुमान तिन्ही काळांचे असते असे स्पष्टच म्हटले आहे. भूतकाळासाठी तिथे गर्भाचे उदाहरण येते: गर्भ दिसला की समागम होऊन गेल्याचे कळते. न पाहिलेल्या काळाकडे खुणेच्या आधाराने जाणे ही वैद्याची जुनीच वाट आहे. पण न्यायसूत्रांनी आपल्याच मताविरुद्धचा आक्षेपही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवला आहे. नदी पावसानेच फुगते असे कुठे आहे? पाणी कुठे अडले तरी ती फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे म्हणावे, तर वारूळ कुणी उकरले तरी त्या तशाच निघतात. मोराचा आवाज आला म्हणून मोर आहे म्हणावे, तर माणूसही तो आवाज हुबेहूब काढतो. मग अनुमानावर विश्वास का ठेवावा? याला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. अडलेल्या पाण्याने फुगलेली नदी आणि पावसाच्या पुराची नदी सारख्या नसतात. पुराचे पाणी वेगाने येते, फेसाळते, पाने, फळे, ओंडके वाहून आणते. ज्याने नुसती ‘फुगलेली नदी’ पाहिली, त्याने खूण पाहिलीच नाही. चूक त्या पाहणाऱ्याची आहे, अनुमानाची नाही. तातडीच्या विभागात रोज याच उत्तराची परीक्षा होते आणि ते टिकते, असे माझे म्हणणे आहे. न पाहिलेली घटना खरोखर कळू शकते, पण खूण तिच्या विशेषणांसह वाचली तरच. आणि विशेषणे गाळून वाचलेली खूण नुसती बौद्धिक चूक राहत नाही, तिच्यामुळे एका माणसावर अन्याय होतो.

जिभेपासून सुरुवात करू. ‘जीभ चावली गेली’ ही फेफऱ्याची खूण सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेशुद्ध होऊन तोंडावर पडणारा कुणीही जिभेचे टोक चावू शकतो. फिटीत जबड्याचे स्नायू आवळले जातात तेव्हा जीभ दाढांच्या मधे सापडते, आणि व्रण कडेला उमटतो. म्हणून डॉक्टर ‘जीभ बाहेर काढा’ एवढे सांगून थांबत नाहीत. बॅटरीच्या उजेडात जीभ एका बाजूला सारून तिची कड पाहतात. तिथे दातांच्या ओळीशी जुळणारी, काळपट लाल, थोडी सुजलेली ताजी रेघ दिसली तर ती साधी चक्कर असण्याची शक्यता जवळपास उरत नाही. अभ्यासांत कडेच्या व्रणाची ही खात्री शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ गेलेली आहे. मात्र तोच व्रण खरी फीट आलेल्या चार-पाच जणांपैकी साधारण एकातच सापडतो. तो दिसला तर जवळजवळ सगळे सांगतो आणि दिसला नाही तर काहीच सांगत नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि घाईत नेमके तेच विसरले जाते. ओल्या कपड्यांची गोष्ट याच्या उलट. लघवी झाली म्हणजे फीटच, ही समजूत घराघरांत आहे, रुग्णालयांतही आहे. पण मूत्राशय भरलेले असताना साध्या चक्करेने शुद्ध गेली तरी कपडे ओले होतात. दोन्हींतला फरक ओळखायला ही खूण जवळपास निरुपयोगी ठरली आहे. अडलेल्या पाण्याने फुगलेली नदी ती हीच.

सगळ्यांत फसवी खूण म्हणजे झटके. १९९४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना भराभर श्वास घ्यायला लावून, एकदम उभे करून आणि श्वास रोखून जोर करायला लावून मुद्दाम चक्कर आणली आणि तिचे चित्रीकरण केले. ज्या ४२ जणांची शुद्ध पूर्ण हरपली, त्यांतल्या ९० टक्के जणांचे हातपाय झटकले. बहुतेकांचे डोळे उघडे राहिले. यांतल्या कुणालाही अपस्मार नव्हता, मेंदूला काही क्षण रक्त कमी पडले होते एवढेच. बसस्थानकावरची माणसे यातले प्रत्येक दृश्य पाहून ‘फेफरं आलं’ असेच म्हणाली असती. मग फरक कशाने कळतो? बराचसा नंतरच्या वेळेने. चक्कर आलेला माणूस अर्ध्याएक मिनिटात डोळे उघडतो, घामेजलेला आणि फिकट असतो, पण कुठे आहोत हे त्याला लगेच उमजते. फीट येऊन गेलेला माणूस जागा दिसतो आणि जागा नसतो. त्याला ओळख लागायला दहा मिनिटे, अर्धा तास, कधी काही तास जातात. तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, बायकोला ओळखत नाही, हात धरणाऱ्याला ढकलतो. पोलीस त्याला दारुडा समजतात. नदीच्या पाण्यातला फेस आणि ओंडके म्हणजे हा गोंधळ. झटक्यांपेक्षा तो कमी नाट्यमय असतो आणि जास्त खरे बोलतो.

शरीर आणखीही काही राखून ठेवते. खांदा पुढच्या बाजूला निखळणे ही पडल्या-झडल्याची रोजची गोष्ट आहे. तो मागच्या बाजूला निखळलेला असेल, तर हात आत वळवणारे बलवान स्नायू एकदम आवळले गेले असण्याची शंका घ्यावी लागते, आणि ते बहुधा विजेचा धक्का किंवा फीट यांनीच होते. एक्स-रे घाईत पाहिला तर हे निखळणे नजरेतून सहज सुटते. रक्तातले लॅक्टेट फिटीनंतर चढते आणि तासा-दोन तासांत उतरते, म्हणजे ही खूण पुसली जाण्याआधी वाचावी लागते. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरकही दहा-वीस मिनिटांत वाढलेले सापडते, पण ते चक्करेनंतरही वाढते. एका बाजूच्या हातापायातली शक्ती गेलेली दिसली तर तो पक्षाघात असेल, किंवा एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट बेंटली टॉड यांनी वर्णन केलेला, फिटीनंतरचा आणि एक-दोन दिवसांत आपोआप जाणारा लुळेपणा असेल. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. तत्त्वज्ञाला वादाला जन्म पुरतो, इथे घड्याळ चालू असते.

आणि इथेच प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण न मानणारा चार्वाक उभा राहतो. त्याचे म्हणणे सोपे आणि कडक आहे. जिभेचा व्रण आणि फीट यांचे अटळ नाते तुम्ही कुठे पाहिलेत? आजवर पाहिलेल्या रुग्णांत ते दिसले असेल, न पाहिलेल्यांचे काय? सगळे काळ आणि सगळी माणसे पाहिल्याशिवाय ‘जिथे ही खूण तिथे ती घटना’ असे म्हणता येत नाही, आणि सगळे पाहून झाल्यावर अनुमानाची गरजच राहत नाही. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. आजचे डॉक्टर टक्क्यांत बोलतात ते या आक्षेपाला मान देऊनच. पण यातून ‘म्हणून काहीच कळत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी शंकेला एक मर्यादा घालून दिली: शंका आपल्याच कृतीशी भांडू लागेपर्यंतच ती खरी. पुढे मिथिलेच्या गंगेशांनी हे उलगडून सांगितले. धूर हवा असलेला माणूस विस्तव पेटवतो, भूक भागवायची असलेला जेवतो, आणि तरीही कार्यकारणावर शंका घेतो, तर ती शंका त्याच्या तोंडात आहे, मनात नाही. शुद्ध नसलेला माणूस समोर आला की पहिली कृती बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहण्याची असते, कारण साखर घसरली तरी हुबेहूब हेच चित्र दिसते आणि तिथे उशीर झाला तर मेंदू कायमचा दुखावतो. चार्वाकाचा मुलगा आणला तरी चार्वाक त्या सुईला हरकत घेणार नाही. मग प्रश्न शंका घ्यावी की नाही हा उरत नाही, कोणती शंका कामाची हा उरतो. ‘साखर पाहिली का? सोडियम पाहिले का? दारू अचानक सुटली आहे का? बाई गरोदर आहे का?’ या शंका अनुमानाला बळ देतात. ‘कशावरून काहीही असू शकते’ ही शंका काम थांबवते आणि स्वतः काही करत नाही.

खोट्या अनुमानाचा नमुना पाहायचा तर लांब जायला नको. महाराष्ट्रात फीट आलेल्याच्या नाकाला कांदा लावतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. थोड्या वेळाने फीट थांबते. कांद्याने थांबली असे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. पण ती दोन मिनिटांत थांबणारच होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कांदा तरी निरुपद्रवी आहे. दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतात तेव्हा दात तुटतात, हिरड्या फाटतात, आणि ज्या तोंडाची साक्ष काढायची ती साक्षही बिघडते, कारण रक्त दाढांनी काढले की चमच्याने हे मग सांगणे अवघड होते. असेच काहीसे या दुखण्याला देवाचा कोप मानण्याबाबत घडले. हे दुखणे विनाकारण येते आणि औषधाशिवाय जाते, म्हणून ते वात-पित्त-कफ या दोषांमुळे होत नाही असे म्हणणारे लोक सुश्रुतसंहितेच्या काळीही होते. त्यांना तिथे दिलेले उत्तर सुंदर आहे: पाऊस पडूनही काही बियाणे जमिनीत तशीच राहतात आणि शरदात उगवतात, रोगाचे कारणही तसे दबून राहते. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ‘पवित्र रोग’ या ग्रंथाने असाच मुद्दा मांडला, की इतर रोगांहून हा अधिक दैवी नाही. श्रद्धाळू माणसाला यात देवाचा अपमान दिसण्याचे कारण नाही. कारण शोधल्याने ईश्वर लहान होत नाही. कारण न शोधता बाधा म्हटल्याने मात्र एखादी मुलगी मांत्रिकाच्या अंगणात मार खाते.

कुणी म्हणेल, एवढी कसरत कशाला, मेंदूचा आलेख काढा, प्रत्यक्षच मिळेल. हा आलेख मोलाचा आहे, पण तो आत्ताचा मेंदू दाखवतो, माणूस पडला त्या क्षणाचा नाही. अपस्मार असलेल्या कितीतरी जणांचा पहिला आलेख निर्दोष येतो. आणि आलेखात काही दोष दिसला तरी बाकाखाली पडताना नेमके तेच घडले, हे पुन्हा अनुमानच. एका प्रसंगी मात्र आलेखाला पर्याय नसतो. झटके थांबूनही माणूस बराच वेळ शुद्धीवर येत नसेल, तर बाहेरून शांत दिसणाऱ्या शरीरात फीट चालूच असू शकते. ओसरलेला वाटणारा पूर तिथे जमिनीखालून वाहत असतो, आणि ‘फिटीनंतरची गुंगी आहे, झोपू द्या’ हे अनुमान जीवघेणे ठरते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो चांगल्या मनाने घेतला जातो. खात्री नसेल तर फीट समजून गोळ्या सुरू कराव्यात, जास्तीची काळजी बरी. काळजी दोन्हीकडे घ्यावी लागते, एवढेच यावर म्हणायचे आहे. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडल्याने पडलेल्या माणसाला फिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले, तर पुढच्या वेळी तो उठेलच असे नाही. म्हणून हृदयाचा आलेख अशा प्रत्येक रुग्णाचा काढायचा असतो. आणि लागलेल्या शिक्क्याची किंमत माणूस आयुष्यभर मोजतो. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट विचारलेले असते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वारंवार येणारा अपस्मार हा वेडाच्या शेजारी बसवलेला विवाहातला अडथळा होता. तो शब्द काढून टाकायला १९९९ साल उजाडावे लागले. कायद्याच्या पुस्तकातून गेलेली गोष्ट स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही. शिवाय एक फीट म्हणजे अपस्मार नव्हे. सोडियम घसरल्याने आलेली, दारू तुटल्याने आलेली फीट कारण सरले की सरते. काहींचे झटके तर मनावरच्या असह्य ताणातून येतात. त्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, मान इकडून तिकडे हलते, प्रकार लांबतो, मधेच थांबून पुन्हा सुरू होतो. त्याला ‘नाटक’ म्हणून मोकळे होणारे लोक दुप्पट चूक करतात. तो माणूस ठरवून काही करत नसतो, आणि त्याचे दुःख खरे असते. इथे खुणा नीट वाचणे म्हणजे त्याला योग्य त्या मदतीच्या दारापर्यंत नेणे होय.

राहता राहिला सगळ्यांत अवघड आक्षेप. तो रुग्णाचाच आहे. ‘माझ्या बाबतीत काय घडले हे माझ्यापेक्षा तुम्हाला कसे कळणार?’ आपल्या शरीराबद्दल आपल्यालाच अधिक कळते, या समजुतीवर माणसाचा स्वाभिमान उभा आहे, आणि तो राखलाच पाहिजे. पण गाढ झोपेविषयीचा एक जुना वाद इथे डोळे उघडतो. झोपून उठलेला माणूस ‘मला काहीच कळले नाही’ म्हणतो, हे त्याला कशाने कळले? अद्वैती म्हणतात, ही आठवण आहे, म्हणजे त्या वेळीही कुणीतरी साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतात, ही आठवण नव्हे. उठलेला माणूस मधल्या काळाचा अंदाज बांधतो. झोपेबाबत कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. फिटीबाबत मात्र मला नैयायिकांचे पटते. अपस्मार या शब्दातच स्मृती निघून जाणे आहे. भानावर आलेल्या माणसाजवळ त्या मिनिटांची धूसर आठवणदेखील नसते, तिथे काहीच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट जिभेच्या कडेला झोंबतो, मांड्या डोंगर चढल्यासारख्या दुखतात, मनगटावरचे घड्याळ फुटलेले दिसते, आणि तेव्हा तो म्हणतो, ‘काहीतरी झालं असणार.’ हे अनुमान आहे, आणि डॉक्टरांनी आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात केले त्याच जातीचे आहे. ती मिनिटे कुणाच्याच मालकीची नाहीत, ना डॉक्टरांच्या, ना त्याच्या स्वतःच्या. म्हणून ‘तुम्हाला फीट आली होती’ असे वरून सांगण्यापेक्षा ‘ही तुमची जीभ, हा तुमचा खांदा, ही वेळ, यावरून आम्हाला असे वाटते’ असे शेजारी बसून सांगणे अधिक सत्य आहे. त्याला निष्कर्ष देण्याआधी खुणा द्याव्यात. नाकारण्याचा हक्क मग त्याच्याकडे खरोखर राहतो, कारण काय नाकारतो आहोत हे त्याला कळलेले असते.

चरकांनी रोग जाणण्याच्या साधनांत आप्तांच्या सांगण्याला पहिले स्थान दिले. तिथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, जाणता आणि खरे बोलणारा. रस्त्यावर पडलेल्या माणसाबाबत हे स्थान मला पाहणाऱ्याला द्यावेसे वाटते. त्याला वैद्यक कळत नसेना का, त्याने पाहिले तेवढे तो सांगो. आधी ओरडला का, रंग निळा पडला की पांढरा, डोळे मिटले होते की उघडे, उठल्यावर नाव सांगितले का. हल्ली खिशातला मोबाइल या साक्षीला मदत करतो, आणि बघ्यांच्या त्या चित्रीकरणाची एरवी चीड येत असली तरी इथे त्याचा उपयोग आहे. रुग्णालयातल्या केसपेपरवर अशा वेळी ‘फिट्स’ एवढा एकच शब्द लिहून पान उलटता येते. किंवा असे लिहिता येते: जिभेच्या उजव्या कडेला दातांचा ताजा व्रण, आल्यावर चाळीस मिनिटे गोंधळलेला, साखर ठीक, हृदयाचा आलेख ठीक, झटका येऊन गेल्याची दाट शक्यता, कारण अद्याप नाही, प्रत्यक्षदर्शी नाही. या शेवटच्या दोन शब्दांवर तरी थांबू नये. बसस्थानकावर बाकासमोर चहाची गाडी आहे, आणि त्या चहावाल्याने काय पाहिले हे अजून कुणी विचारलेले नाही.